गाडीच्या डोळ्यांत पडलेलं फूल

त्या वर्षी माझ्या हाताला काम नव्हतं, आणि घरातल्या एकाही वस्तूची माझ्या हातून सुटका नव्हती. डी.एड. होऊन बसलो होतो. मास्तरांची भरती आज निघेल, उद्या निघेल असं पेपरात यायचं, आणि तोच पेपर चार दिवसांनी भज्यांखाली आलेला दिसायचा. बेंबळीत लोक मला शाळा मिळायच्या आधीच 'गुरुजी' म्हणायला लागले होते, आणि म्हणताना हसायचे. एका जागी बसवत नव्हतं. बसलो की पाय हलायचा, पाय थांबवला की बोटं चालायची, आणि बोटांना स्क्रू लागायचा. मिक्सर उघडला, तो दुरुस्त झाल्यावर एकाच वेगानं चालायला लागला. शेंगदाण्याच्या चटणीचा त्याचा पहिला फवारा स्वयंपाकघराच्या छतावर अजून तपकिरी डाग होऊन बसलाय. दादांचा रेडिओ उघडला, तर त्यावर कानडी स्टेशनाशिवाय काही लागेना. दादा, म्हणजे माझे वडील, तरीही रोज सकाळी चहा घेत कानडी बातम्या ऐकायचे. एक अक्षर कळत नव्हतं, पण बातम्या ऐकल्याशिवाय दिवस सुरू झाला असं त्यांना वाटत नसे. मधूनच मान डोलवायचे, आणि ती मान माझ्याकडं बघून डोलवायचे.

आमचं घर मेंढपाळाचं. आजा मेंढरांमागं फिरला. दादा घरातले पहिले पगारी. पाटबंधारे खात्यात शिपाई म्हणून लागले, तिथंच निवृत्त झाले, आणि निवृत्त झाल्या झाल्या धाराशिवच्या एका डॉक्टरची जुनी पांढरी गाडी घेऊन आले. घड्याळ हातात असूनही ते वेळ बघायचे आज्याच्या पद्धतीनं. हात लांब करायचा, बोटं आडवी धरायची, आणि सूर्य जमिनीपासून किती बोटं वर राहिलाय ते मोजायचं. गाडीवर जीव असा की रोज पहाटे ती नुसतीच चालू करायचे, इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि बंद करायचे. उन्हात तापू नये म्हणून टपावर आज्याचं जुनं घोंगडं टाकायचे. शेजारच्या पोरांनी गाडीचं नाव 'मेंढी' ठेवलं होतं. मला मात्र त्या मेंढीला हात लावायची मनाई होती. किल्ली दादांच्या बंडीच्या आतल्या खिशात असायची, आणि माझा हात त्या दिशेला गेला की दादा नुसतं छताकडं, चटणीच्या डागाकडं बघायचे.

घोंगड्यानं टप झाकला जायचा, पण गाडीचं तोंड उघडंच राहायचं. ऊन खाऊन खाऊन पुढच्या दोन्ही दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या. काचा म्हणायचं आपलं, होतं ते प्लॅस्टिकच. म्हाताऱ्या बैलाच्या डोळ्यात फूल पडतं ना, तसं दिसायचं. आत दिवा जळायचा, पण बाहेर यायचा तो उजेड नव्हे, उजेडाचा ताकपाणी झालेला अंश. घेतल्यावर थोड्याच दिवसांत तेरहून परत येताना दिवेलागणीला दादांच्या गाडीखाली एक मेंढी आली. रस्त्यानं कळप चाललेला, आणि तो त्यांना दिसलाच नाही. मेंढ्या ज्याच्या होत्या तो म्हातारा भांडला असता तर बरं झालं असतं असं दादा म्हणत. त्यानं मेंढी खांद्यावर टाकली आणि चालू लागला. त्या दिवसापासून दादांनी नेम केला: दिस बुडायच्या आत गाडी दारात. मग कुठंही असोत, कुणाकडंही असोत, सूर्य चार बोटांवर आला की दादा उठायचे.

हा नेम माझ्या बहिणीच्या लग्नाच्या आड आला. अक्का माझ्याहून मोठी. ती शिलाई मशीन चालवायची आणि तिच्या मनात काय चाललंय ते तोंडावरनं नाही, मशीनवरनं कळायचं. खुशीत असली की पायडल झुलत चालायचं. रागात असली की एका दमात सगळी शिवण घालायची, जणू कापडावर पाऊस. आमच्याकडं पोरगी बघायचा कार्यक्रम झाला की नंतर मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला जातात, आणि तिथं खरा निकाल लागतो तो पाटावर. तोंडानं कुणी होय-नाही म्हणत नाही. जेवायला बसलात, म्हणजे स्थळ पसंत. चहावर उठलात, म्हणजे समजायचं ते समजलं. तुळजापूरकडच्या स्थळाला दादा चहावर उठले. तेरच्या स्थळाला तर पाट मांडले होते, ताटाभोवती रांगोळी होती, आणि दादांनी हात लांब करून बोटं मोजली. "येतो आमी, दिस बुडायलाय" म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. बेंबळीची माणसं पाटावरनं उठतात, असा बोभाटा झाला. स्थळ जमवायचं काम मामा करायचे, आईचे थोरले भाऊ. ते म्हणाले, दाजी, आता तिसऱ्या ठिकाणी उठलात तर मी उठणार, तो कायमचा. त्या दोन्ही संध्याकाळी गाडी उजेडातच दारात आली होती, आणि उजेडात आलेली गाडी बघूनच अक्कानं ओळखलं होतं. मशीन रात्रीच्या जेवणापर्यंत थांबली नाही.

तिसरं स्थळ सास्तूरचं. मुलाचं नाव विश्वनाथ; दूध संकलन केंद्रावर दुधाची फॅट तपासायचा. बघायला आला तेव्हा शेवटी मामांनी रिवाजाप्रमाणं विचारलं की, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा. तो म्हणाला, माझं काही नाही, त्यांनाच काही विचारायचं असलं तर विचारू द्या. अक्कानं काही विचारलं नाही. पण ते लोक गेल्यावर मशीन झुलत चालली, आणि आई स्वयंपाकघरातनं माझ्याकडं बघून हसली. सास्तूरला जायचा दिवस ठरला. त्याच्या दोन दिवस आधी अक्कानं मला मशीनजवळ बोलावलं. मला वाटलं, माझ्या शर्टाची तुटलेली बटणं लावून देणार असेल. ती सुईत दोरा ओवत होती, मान वर न करता बोलली.

"गाडीचे दिवे तेवढे नीट कर."

मी म्हटलं, मला गाडीला हात लावू देतात का?

"दुपारी झोपत्यात की ते. चमकायला नकोयत मला दिवे. दादा पाटावर बसायला पायजेत." मग दोरा दातानं तोडून म्हणाली, "मिक्सरसारखं करू नको."

घरात इतक्या दिवसांत मला कुणी काम सांगितलं नव्हतं. त्या आनंदात मी जे केलं ते आज सांगतानाही कानाच्या पाळ्या तापतात. पहिल्या दुपारी दंतमंजन. कुणीतरी सांगितलं होतं की टूथपेस्टनं घासलं की दिवे स्वच्छ निघतात. आमच्या घरी टूथपेस्ट नव्हती, लाल दंतमंजन होतं. दात दोन्हीनं घासतात, मग दिव्याला काय कळणार, असा माझा डी.एड.चा युक्तिवाद. दिवे पिवळे होते ते विटकरी झाले. गाडी रात्रभर जागल्यासारखी दिसायला लागली. ते धुऊन काढलं आणि चिंच-राख घेतली, कारण आईची पितळी भांडी त्यानंच निघायची. दिव्यांवर चिंचेचा नुसता वास राहिला आणि मुंगळे आले. दुसऱ्या दुपारी मात्र मी हट्टाला पेटलो. गावातल्या सुताराकडनं पॉलिशपेपर आणला, दार घासायचा, खरखरीत, वाळूसारखा. पाणी नाही, काही नाही, कोरडाच धरला आणि गोल गोल घासत सुटलो. मला सावकाश काही करताच येत नव्हतं. दादा उठायच्या आत संपवायचं होतं, शिवाय हातात त्या वर्षभराची सगळी खुमखुमी साठलेली होती, ती त्या दोन दिव्यांवर उतरली. पिवळा थर गेला खरा. पण फुंकर मारून बघतो तर दोन्ही दिवे घट्ट दह्यासारखे पांढरे. आधी निदान आतला बल्ब दिसायचा. आता आत बल्ब आहे की कवडी, हे सांगता आलं नसतं.

माझे दोन्ही तळवे सोलले होते. आईनं काही न विचारता त्यांवर करडईचं तेल चोळलं. आई विचारायची नाही. घरात काय मोडलंय ते तिला माझ्या हातांवरनंच कळायचं. मी पुन्हा गाडीकडं गेलो, आता काय करायचं म्हणून दिव्यावर हात ठेवून उभा राहिलो, हात उचलला आणि बघतच राहिलो. जिथं तळवा टेकला होता, तिथं दह्यात खिडकी पडली होती. आतला बल्ब, त्यामागची चांदी, सगळं लख्ख. मी धावत जाऊन तेलाची किटली आणली आणि दोन्ही दिवे देवाला घालावी तशी अंघोळ घालून काढले. दादा उठून बाहेर आले तेव्हा गाडी टक्क डोळे उघडून उभी होती. दादा खाली वाकले, एका दिव्यात स्वतःचं तोंड बघितलं, मिशीवरनं बोट फिरवलं. "डॉक्टरनं नवी घेतली आसंल तवा आशीच आसंल," म्हणाले. मला त्यांनी 'कशानं केलं' हे विचारलं नाही, आणि जे विचारलं जात नाही ते सांगायची सवय मला तेव्हा नव्हती. आताही फारशी नाही. आत मशीन झुलत चालली होती.

सास्तूरला आम्ही तिघं निघालो. पुढं दादा आणि मामा, मागं मी. मुलगी आणि आई घरी थांबणार, हा रिवाजच. मोबाईल एकट्या मामांकडं होता आणि तो वाटेतच मान टाकायचा. हरभरे काढायचे दिवस. लोहाऱ्याच्या अलीकडं शेतकऱ्यांनी हरभऱ्याची वाळली झाडं सगळ्या रस्त्यावर पसरली होती, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी मळणी करून द्यावी म्हणून. शहरातले लोक अशा ठिकाणी शिव्या देतात. दादा सुखावले. एक म्हातारी काठी घेऊन रस्त्याच्या कडेला बसली होती, ती म्हणाली, बाबा, अजून एक खेप घाल की. आम्हाला घाई नव्हती, कारण आम्ही कुठंही दोन तास आधीच निघायचो. दादांनी गाडी मागं घेतली. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. घाटे कडाकडा फुटत होते, भुसा आणि कोंडा धुरळ्यासारखा उडत होता, म्हातारी आशीर्वाद देत होती, मामा दस्तीनं तोंड झाकून बसले होते. आणि मागच्या सीटवर माझ्या डोक्यात हळूहळू एक विचार शिरत होता. तेल. कोंडा. तेल आणि कोंडा.

सास्तूरला विश्वनाथच्या घरासमोर उतरलो आणि मी पहिला पुढं धावलो. दोन्ही दिव्यांना बोटभर जाडीची भुऱ्या रंगाची दाढी आली होती. नशीब एवढंच की दादा गाडी नेहमी पळायच्या तयारीत लावायचे: तोंड रस्त्याकडं, पाठ घराकडं. घर मोठं होतं, भूकंपानंतर बांधलेलं, पण त्या घरात बसणं-उठणं, जेवणखाण सगळं अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली चालायचं. विश्वनाथच्या आईला डोक्यावर स्लॅब असला की घास उतरत नाही, एवढंच त्यांच्याकडनं कुणीतरी सांगितलं, आणि आम्ही पुढं काही विचारलं नाही. शेडमधनं गाडीची पाठ दिसत होती. चुलीवर मोठ्या पातेल्यात हुग्गी शिजत होती, गव्हाची खीर; गूळ आणि बडीशेपेचा वास सगळ्या अंगणात. भज्यांचं तेल तापत होतं. घराची दारं रंगवायला काढलेली, त्यांवर पांढरं अस्तर मारलेलं. मामा खुशीत होते. दादाही निवांत बसले होते, पाय पसरून, आणि विश्वनाथच्या वडिलांना सांगत होते की, आज घाई न्हाय, आमच्या गुरुजीनं दिवे येकदम नवे केल्यात. हे ऐकलं आणि मला तिथं बसवेना. मी लघवीला म्हणून उठलो, गाडीला एक फेरा मारला, येऊन बसलो. पुन्हा उठलो. तिसऱ्या वेळेला मामांनी कानात विचारलं, तुला जुलाब लागलेत का? चौथ्या फेऱ्याला मागनं विश्वनाथ आला. त्याच्या अंगात कडक इस्त्रीचा आकाशी शर्ट होता.

त्यानं दिव्याकडं बघितलं. बोटानं दाढीतला एक घाटा उचलला, सोलला, आतला हरभरा तोंडात टाकला. "तेल कुठलं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, करडई. तो म्हणाला, वासावरनं वाटलंच. मग बादली आणि कपड्याचा साबण घेऊन आला. आम्ही दिवे धुतले. तेल गेलं, कोंडा गेला, आणि खालचं दही वर आलं. तेव्हा मात्र मला धीर धरवला नाही. मी त्या माणसाला, ज्याच्यासमोर मुलीकडच्यांनी ताठ बसायचं असतं, सगळं सांगून टाकलं: मेंढी, चार बोटं, तुळजापूर, तेर, मंजन, सुताराचा पेपर. आमचे दादा चहावर उठले तर ते तुम्हाला नापसंत करून नव्हे, हे सांगितलं. घरी अक्का उजेडात आलेल्या गाडीला भिते, हेही सांगितलं. ते सांगायला नको होतं, पण जीभही हातासारखीच, आवरत नव्हती.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग घरात जाऊन दारं घासायचे काळे वॉटर पेपर घेऊन आला. एक खरखरीत, एक मऊ, आणि एक रंगाऱ्यानं वापरून टाकलेला, पार झिजलेला. मी विचारलं, तुम्ही केलंय का हे कधी? तो म्हणाला, "कधीच न्हाय. पर दाराला आधी खरखरीत, मग मऊ, आन् सगळं पाण्यात. दाराला जमतंय तर ह्याला का न्हाय जमणार? बिघडून बिघडून आता काय बिघडणार हाय?" या शेवटच्या वाक्यावर माझा विश्वास बसला. उजवा दिवा धरला. मी पुन्हा गोल गोल, भराभर. त्यानं माझं मनगट धरलं आणि म्हणाला, आडवं, एकाच अंगानं, आणि पेपर कोरडा पडू द्यायचा नाही. मी पाणी ओतायचं, त्यानं घासायचं. मग त्यानं ओतायचं आणि मी. पांढरं ताकासारखं पाणी त्याच्या आकाशी शर्टावर उडत होतं. पहिल्या पेपरानं माझे ओरखडे गेले, पण दिवा धुरकटच राहिला. मला वाटलं, संपलं. तो म्हणाला, आपण अजून दुसरा कुठं लावलाय? दुसऱ्यानं धुरकटपणा पातळ झाला. तिसऱ्या, झिजलेल्या पेपरानं हाताखाली काही लागेनासंच झालं, नुसतं पाण्यावर पाणी फिरवल्यासारखं. शेवटी त्याच्या घरची टूथपेस्ट, पांढरी, आणि धोतराचा मऊ तुकडा. पुसलं आणि उजवा दिवा स्वच्छ निघाला. मी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट घाई न करता पूर्ण केली होती, आणि त्याला अर्धा हात दुसऱ्याचा लागला होता.

नेमकं तेव्हा दादा आले. आम्हाला शोधत नव्हते; सूर्य बघायला आले होते. हात लांब केला, बोटं आडवी धरली, आणि हाताच्या खाली त्यांना आम्ही दिसलो. मागं मामांचा आवाज येत होता, पाट मांडलेत म्हणून. दादांनी आधी उजवा दिवा बघितला, मग डावा, पांढराफट. मग माझ्याकडं. मी छताकडं बघितलं असतं, पण वर आभाळ होतं.

"हे नवं केलतं व्हय?" दादा म्हणाले.

मी काही बोलायच्या आत विश्वनाथनं ओले हात पँटला पुसले. "काका, येक झालाय. दुसरा बी करतो. तुमी बसा जेवायला."

"बोटं तीन राहिलीत."

"आसू द्या. जाताना मी मोटारसायकल म्होरं घालतो. बेंबळीपस्तोर. माझ्या मागच्या लाल दिव्यावर ध्यान ठिवून या."

दादांनी त्याच्याकडं बघितलं. इस्त्री मोडलेली, भुवईवर पांढरा चिखल वाळत चाललेला. मग ते बोलले, आणि जे बोलले ते आम्ही घरात कधी ऐकलं नव्हतं. आम्ही सगळे दिव्यांचंच कारण धरून बसलो होतो.

"दिव्याचं निमित्त हाय, बाबा. दिवे चांगले आसते तरी म्या उठलोच आसतो. ती मेंढी माझ्या टायराखाली आली न्हाय, मी माझ्या हातानं तिच्यावर गाडी घातली. म्या मेंढराचा माणूस, घंटीचा आवाज कानावर आला व्हता, पर मला लवकर घरी जायाचं व्हतं. त्या म्हाताऱ्यानं वळून बी बघितलं न्हाय. तवापासनं अंधारात गाडी घालायला मन धजत न्हाय."

विश्वनाथ म्हणाला, "मग तर म्होरं कुणीतरी पायजेच."

दादांनी उरलेली बोटं पुन्हा एकदा मोजली. मग हात खाली घेतला, वळले आणि शेडकडं चालू लागले. थोड्या वेळानं मामांना ठसका लागल्याचा आवाज आला, त्यावरनं मी ओळखलं की दादा पाटावर बसले.

आमचं जेवण राहूनच गेलं. दादा शेडखाली हुग्गीवर दूध-तूप घेत होते आणि मी आणि माझा होणारा दाजी डाव्या दिव्यावर पाणी ओतत होतो. वास येत होता, पोटात आग पडली होती, आणि तरी दोघांपैकी कुणी पेपर खाली ठेवला नाही. सूर्य बुडाला तेव्हा डावा दिवा निम्मा निघाला होता; निम्मा ताक, निम्मा पाणी.

इथं पुढचं थोडं सांगून टाकतो, नाहीतर राहील. घासून काढलेला दिवा उघडा ठेवायचा नसतो, हे आम्हा दोघा शहाण्यांना ठाऊक नव्हतं. कारखान्यातनं येताना त्याच्यावर उन्हापासून राखणारा एक थर असतो. तो आम्ही घासून नाल्यात सोडला होता. आता त्यासाठी फवारे मिळतात, डब्यात लेप मिळतो, मी स्वतः माझ्या गाडीला वर्षाआड लावतो. तेव्हा पुढचा उन्हाळा सरायच्या आत दिवे पुन्हा पिवळे पडायला लागले, आणि मला पुन्हा पेपर हातात घ्यावासा वाटायला लागला. मग माहेरपणाला आलेल्या अक्कानं आज्याच्या घोंगड्याचा कोपरा कापला आणि मशीनवर दोन टोप्या शिवल्या, नाडी लावून, दिव्यांच्या मापाच्या. गाडी दारात उभी असली की तिला टोप्या. 'मेंढी' हे नाव तेव्हा पक्कं झालं. माझ्या आजच्या गाडीलाही तसल्याच टोप्या आहेत, आणि धाराशिवच्या आमच्या कॉलनीत त्यावरनं माझं जे काही नाव पडलंय ते मी इथं लिहिणार नाही.

तर त्या संध्याकाळी आम्ही निघालो. पुढं मोटारसायकल, तिच्यामागं लाल ठिपका, त्यामागं आमची दीड डोळ्यांची गाडी. दादा दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरून, पुढं झुकून बसले होते. काच खाली केली होती आणि मामांनी दोनदा बोलायला तोंड उघडलं तेव्हा त्यांना गप्प केलं; कान बाहेर होता. हरभऱ्याचा रस्ता आला, म्हातारी गेलेली होती, झाडंही उचललेली. सबंध वाटेत एक मेंढरू आडवं आलं नाही, पण प्रत्येक वळणाला लाल ठिपका हळू व्हायचा आणि दादा त्याहून हळू. जेवढ्या वेळात आम्ही गेलो होतो, त्याच्या दुप्पट वेळात परत आलो. मला मागच्या सीटवरनं उतरून पळत पुढं जावंसं वाटत होतं. घरी काय चाललं असेल, हे मला ठाऊक होतं.

आई नंतर सांगायची की सूर्य खाली गेला तसं अक्कानं मशीन थांबवली आणि उंबऱ्यावर येऊन बसली. आत ये म्हटलं तर आली नाही. अंधार वाढत गेला तसतशी ती सरळ बसत गेली. मग वाटेवर उजेड दिसला, पण एकच. कुणाची तरी मोटारसायकल असेल म्हणून ती पुन्हा वाकली. मग त्या उजेडामागं अजून एक दिसला आणि त्याच्या बाजूला एक अर्धा.

मोटारसायकल दारात थांबली तेव्हा अक्का पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. समोर कोण आहे ते तिला आधी कळलंच नाही. शर्ट चुरगळलेला, भुवया पांढऱ्या, चेहऱ्यावर ताकाचे शिंतोडे. कळलं तेव्हा तिनं पदर सावरला नाही की आत पळाली नाही. तांब्या तसाच हातात, आणि गाडीतल्या दादांना विचारलं,

"जेवलात?"

दादांनी किल्ली काढली. खाली उतरून ती माझ्या हातात दिली, का दिली ते त्यांनाही कळलं नसावं.

"दोन वाट्या हुग्गी खाल्ली," ते म्हणाले. "माझं झालंय. ह्या दोघांना वाढ. उपाशी हायती."